आईसाठी बँकॉकची मूर्ती

बँकॉकविषयीचे माझे मत पहिल्या तासातच नाकाने ठरवले, आणि पुढे ते बदलावे असे काही घडले नाही. आमच्या लॉजच्या मागून एक कालवा जात होता. पाणी डांबरासारखे काळे, वर तेलाचा तवंग, आणि त्याच पाण्यात एक बाई जेवणाची भांडी विसळत होती. लॉज म्हणजे जुन्या लाकडी घरात प्लायवूड ठोकून पाडलेली खुराडी. खोलीची लांबी मी वितीने मोजली, ती सात फुटांना थोडी कमी भरली. अंघोळीला सगळ्यांत मिळून एक पिंप, त्यात डासांच्या अळ्या. गादीत ढेकूण. पाठीवर पिशव्या टाकून हिंडणारी गोरी पोरे-पोरी तिथे मुक्कामाला होती. त्यांचे आतले कपडे आमच्या दाराशी वाळत असत आणि ती या सगळ्याला मौज म्हणत. मी सरकारी कचेरीत हिशेब तपासणारा माणूस. पदरचे पैसे देऊन ढेकूण चावून घेण्यात मौज कोणती, ते मला अजून कळलेले नाही.

रस्त्यावर धूर एवढा की शर्टाची कॉलर दुपारपर्यंत काळी होई. दुकानांत माना मोडलेली बदके टांगलेली, परातीत तळलेले किडे, आणि सगळ्यावर कुजवलेल्या झिंग्यांचा वास. मांस आम्हाला वर्ज्य नाही, तरी मी बहुतेक केळ्यांवर आणि कोरड्या भातावर राहिलो.

आम्ही दोघे होतो, मी आणि माझा थोरला मामेभाऊ. तो रेल्वेत होता. कलकत्त्यापर्यंत त्याच्या पासवर आणि तिथून स्वस्त विमानाने, असा हा प्रवास जमला. पाठवले होते माझ्या आईने. छप्पन साली नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा तिने घरातले सगळे देव पाटीत भरून स्वतः कन्हान नदीच्या पात्रात सोडले होते. माझ्या लहानपणीच्या दुखण्यात तिने ज्याला बकरा कबूल केला होता, तो देवही त्यात होता. आता तिला दम लागे, घराबाहेर पडणे होत नसे. तिला एकच हवे होते. जिथे सगळा देशच बुद्धाचा आहे, तिथली मूर्ती. त्या देशाबद्दल ती मला रोज विचारी. "तिथं तर सगळेच आपले ना रे? तिथं कोणी नवस करत नसन," असे ती म्हणे, आणि मीही हो म्हणे, कारण मलाही तसेच वाटत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही एका मोठ्या विहारात गेलो. फाटकापाशीच लॉटरीची तिकिटे विकणाऱ्या बायका बसल्या होत्या. पुढे ताईत विकणारे, त्यांत काही ताईत अशा आकाराचे की मी मान फिरवली. आत लोक गुडघ्यांवर बसून नळकांडे खुळखुळवत आणि त्यातून पडलेल्या काडीवरचा आकडा बघून आपले नशीब वाचत. मूर्तीच्या चेहऱ्यावर सोन्याचे वर्ख चिकटवून चिकटवून नाकडोळे बुजले होते. आणि त्या मूर्तीपुढे एका बाईने ताट ठेवले. ताटात उकडलेली अंडी आणि मधोमध डुकराचे अख्खे मुंडके, डोळे मिटलेले. मोडकेतोडके इंग्रजी बोलणाऱ्या एका पोराने सांगितले की तिचा मुलगा दुखण्यातून उठला, ती बोललेला नवस फेडते आहे.

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. मामेभाऊ मागून आला, त्याने एका भिक्खूकडून मनगटाला दोरा बांधून घेतला होता.

"काहून तोंड वाकडं करून राहिला गा?" तो म्हणाला. "आत्यानं तुले मूर्ती आणाले पाठवलं, हा देश सुधाराले नाही."

मी म्हटले, मूर्ती घेणार नाही. तो दिवसभर माझ्याशी भांडला. शेवटी त्यानेच एक वीतभर पितळी मूर्ती घेतली आणि मला बजावले, की घरी गेल्यावर यातले आत्याजवळ काही बोलायचे नाही. म्हातारीचे मन राखायला काय लागते, असे त्याचे म्हणणे.

नागपूरला पोहोचलो तेव्हा आई उठून बसली होती. मामेभावाने मूर्ती तिच्या मांडीवर ठेवली. तिने पदराने ती पुसली, दोन्ही हातांनी उचलून वजन पाहिले, खूश झाली. मग तिने त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहून विचारले, "नवस नाही ना करत तिथं कोणी?"

मामेभाऊ घाईने म्हणाला, "नाही वं आत्या, अजिबात नाही."

ती माझ्याकडेच पाहत राहिली.

"करतात," मी म्हणालो. "मूर्तीपुढे मुंडकं ठेवतात."

मूर्ती तिने भाच्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "तुह्या घरी ने गा. माह्या घरात नको."

मूर्ती अजून त्याच्याकडे आहे. मी खोटे बोलायला हवे होते, असे तो आजही म्हणतो. मला तसे वाटत नाही. तिने मला विचारले होते, त्याला विचारले नव्हते. पण त्यानंतर ती दोन वर्षे जगली, आणि त्या देशाबद्दल तिने मला पुन्हा एकदाही काही विचारले नाही.