उजव्या बाजूच्या मावशी

आमच्या मेसच्या मावशींचं नाव मला अजून माहीत नाही. कुणाशीही त्या स्वयंपाकघरातूनच ओरडून बोलतात.

पहिल्या वर्षी मला अचानक गरगरायला लागलं. डाव्या कानाच्या आतला विकार निघाला. डॉक्टर म्हणाले, हा आजार सोबत राहणार; चक्कर हळूहळू कमी होईल, पण त्या कानाचं ऐकू येणं घटत जाईल. मीठ अगदी कमी खायचं. वडील फोनवर म्हणाले, "शिक्षण बास, घरला ये." मी मेस बंद करायला गेले आणि मावशींना फक्त मिठाचं पथ्य सांगितलं.

"मिठापायी कालेज सोडतीस व्हय?" मावशी म्हणाल्या. "तुजी भाजी मीठ घालायच्या आदीच काडून ठेवीन की. लई अळणी लागंल. आन शेंगाची चटणी मागायची न्हाय."

आता तिसरं वर्ष आहे. चक्कर क्वचितच येते. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, हे मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही. तरी हल्ली मावशी मला आतून हाक मारत नाहीत. पिठाच्या हातांनी बाहेर येतात, माझ्या पाठीमागून वळसा घालून उजव्या बाजूला उभ्या राहतात आणि हळूच विचारतात, "अजून एक भाकरी वाडू?"