चिन्नोरच्या चुंगडीत पायलीभर ठोकळ

बाबांकडे ठेवलेलं बी बिघडत नाही, असं आमच्या गावात सगळे म्हणतात. सिहोऱ्याच्या पुढे, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या शेतांमध्ये, आमचं गाव. घराच्या मागच्या खोलीत बाबांनी फळ्यांचा एक मचाण केला आहे. खाली चूल असते, थोडा धूर वर पोचतो, त्यामुळे कीड लागत नाही. चार-पाच घरचे लोक आपलं बियाणं चुंगडीत, म्हणजे पोत्यात भरून, तोंड बांधून तिथे ठेवून जातात. दिवाळीनंतर आणायचं, मृगाच्या सुमारास न्यायचं. वजन करायचं नाही, चिठ्ठी लिहायची नाही. ज्यानं गाठ मारली त्यानंच ती सोडायची, एवढा एकच नियम.

त्यात शेजारच्या मावशीची चुंगडी सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोलाची. मावशी एकटीच राहते. रस्त्याला लागून तिची एक बांधी आहे आणि त्यात ती फक्त चिन्नोर लावते. बारीक दाणा, असा सुगंध की भात शिजला की गल्लीला समजतं. हे बी तिच्या सासूपासून चालत आलेलं. आमच्याकडे मात्र ठोकळ धान, जाड दाण्याचं. लवकर निघतं, भरपूर पिकतं, पोट भरतं. त्याच धानावर आईबाबांनी मला शिकवलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, हे मी कधी विसरले नाही. पण त्या वर्षी थोडं विसरले असं वाटतं, कारण कॉलेजात मी सांगून बसले की आमच्या घरी चिन्नोर पिकतं.

शेवटच्या वर्षाची परीक्षा आटोपली, तेव्हा आमच्या मॅडम म्हणाल्या, "अगं, मग खाऊ घाल ना एकदा." मॅडम नाशिककडच्या. त्यांच्यासोबत तीन मैत्रिणीही तयार झाल्या. त्या यायच्या होत्या नेमके त्याच दोन दिवसांत आईबाबा दिघोरीकडे लग्नाला गेले होते आणि मावशी बपेऱ्याला लेकीकडे. घर माझ्या भरवशावर होतं.

मचाणावर चढले. मावशीची गाठ लुगड्याच्या हिरव्या काठाची होती. ती सोडली. पायलीभर धान काढलं. चुंगडी जरा ढिली दिसायला लागली, म्हणून आमचं पायलीभर ठोकळ तिच्यात ओतलं आणि वरून कोणाला दिसू नये म्हणून हात घालून चांगलं कालवलं. पुन्हा गाठ मारली. गाठही हुबेहूब जमली, याचा मला आनंद झाला, हे आता लिहिताना लाज वाटते.

धान कांडायला चक्कीवर नेलं. चक्कीवाले काका मूठभर तांदूळ नाकाशी नेऊन म्हणाले, "चिन्नोर होय वो हे! तुमच्या घरी कधीपासून?"

"यंदापासून," मी म्हटलं.

जेवण झालं, फोटो झाले, पाहुण्या गेल्या. मृगाला मावशी आली, स्वतः गाठ सोडून चुंगडी घेऊन गेली. तिची नजर तेव्हा कमी झाली होती. तिनं बी भिजवलं, पेरलं. रोपं वर आली तेव्हा सगळी सारखीच हिरवी. रोवणीला मीही गेले. गाणी म्हणत, हसत, मीच माझ्या हातानं ती रोपं तिच्या बांधीत रोवली. मला वाटलं, चिखलात गेलं, संपलं.

पण धान काही गप्प बसत नाही. चिन्नोर उशिराचं आणि उंच, ठोकळ लवकरचं आणि ठेंगणं. नवरात्राच्या आधी मावशीची सगळी बांधी हिरवीगार, पोटरीतही न आलेली, आणि तिच्यात जागोजागी ठेंगणी झाडं लोंब्या घेऊन उभी! रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसायची.

"काय वो मावशी, बांधीत पावने बसवले काय?" लोक विचारायचे.

बाबांना पानठेल्यावर वेगळं ऐकावं लागायचं. "भाऊ, तुमच्या मचाणावर बियाण्याचं लगन लावून राहिले काय?"

सगळे हसायचे. कोणी आरोप केला नाही. बाबाही हसायचे, पण घरी आले की मचाणावर चढायचे. एकेक फळी पुसायचे. उंदरांनी चुंगडीला भोक पाडलं असेल, शेजारच्या चुंगडीतून सांडलं असेल, असं स्वतःशीच बोलायचे. एका सकाळी ते मावशीच्या अंगणात गेले. मी आमच्या दारात केस विंचरत होते, मला स्पष्ट ऐकू आलं.

"मावशी, माझंच कुठं तरी चुकलं. आता पुढच्या सालापासून मी कोणाचंच बी ठेवत नाही."

"असं काहून म्हणता, भाऊ? होते कधी कधी."

"माझ्याकडून नव्हतं होत," बाबा म्हणाले.

कंगवा तसाच केसांत राहिला. मला वाटलं होतं, मी मावशीचं पायलीभर धान घेतलं. बाबांचं काय घेतलं, ते तेव्हा समजलं. मी तशीच कंगव्यासकट त्या अंगणात गेले आणि सगळं सांगून टाकलं. कॉलेजातली बढाई, मॅडम, हिरव्या काठाची गाठ, सगळं.

बाबा खाली बसले. मावशी वांगी चिरत होती, ती थांबली. मग मावशीनं विचारलं, "भात कसा झालता?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. "गारा झाला, पार चिखल," मी म्हटलं.

"गारा?"

"ठोकळाले टाकतो तेवढंच पाणी टाकलं मी."

मावशीनं विळी बाजूला ठेवली आणि कपाळावर हात मारला. "अवो बाई! माह्या सासूचं बी खाल्लं ते खाल्लं, वरून त्याचा गारा केला! थे नाशिकची बाई काय म्हणली असंन?"

"म्हणाल्या, छान आहे, आमच्याकडे खिचडी अशीच मऊ करतात."

मावशी इतकी हसली की तिला ठसका लागला. मी पाणी आणून दिलं. तेवढ्यात बाबा बोलले. ते हसत नव्हते.

"खाल्लं असतं न् सांगून देल्लं असतं, तर मी म्हटलं असतं, पोरीले पावन्यायपुढं लाज वाटली. पण तू दुसरं भरलं. भरलं कायले?"

"समजू नये म्हणून."

"हं," बाबा म्हणाले. "तोच धोका. घेणं नाही, भरणं."

धोका, दगा, विश्वासघात हे शब्द मी तोपर्यंत परीक्षेत किती तरी वेळा लिहिले होते. मला वाटायचं, त्यासाठी मोठा वैरी लागतो, काही तरी भयंकर हेतू लागतो. इथे तर मावशीचा मला रागही नव्हता, उलट तिच्याच हातची भाकर खाऊन मी मोठी झाले. तरी वरून भरलेली चुंगडी दिसावी आणि आत दुसरंच असावं, याची सोय मी हातानं कालवून केली होती.

शिक्षा मावशीनं ठरवली. लोंब्या पिकून दाणे गळायच्या आत एकेक ठोकळ झाड उपटायचं. नाही तर दोन्ही धानं एकत्र होणार आणि तिचं बी कायमचं जाणार. चार दिवस मी गुडघाभर चिखलात होते. मावशी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, छत्री घेऊन बसायची. तिला जवळचं दिसत नसे, पण दूरचं ठेंगणं झाड बरोबर दिसायचं.

"थो पाय, एक उभा हाये तुह्या मागं! हसून राहिला तुले!"

रस्त्यावरून चक्कीवाले काका सायकल थांबवून ओरडले, "काय वो, यंदापासूनचं चिन्नोर कसं हाये?" मी चिखलाचे हात जोडले. दुसऱ्या दिवशी मान वर केली तर बांधीच्या पलीकडच्या टोकानं बाबाही वाकून झाडं उपटत होते. मी म्हटलं, "बाबा, राहू द्या, माझं काम आहे." ते म्हणाले, "मचाण माझा होय." संध्याकाळपर्यंत आम्ही मध्ये येऊन भेटलो. उपटलेलं सगळं मावशीच्या म्हशीनं मिटक्या मारत खाल्लं.

त्या साली मावशीचं चिन्नोर कमी झालं, पण निवडून निवडून बी निघालं. दिवाळीनंतर ती चुंगडी घेऊन आमच्या दारात आली. बाबा ओसरीवर उभे होते. "मावशी, मी सांगतलं होतं ना, आता ठेवत नाही."

"तुमच्याकडं कोण ठेवून राहिलं?" मावशी म्हणाली आणि चुंगडी माझ्या हातात दिली. "हिच्याकडं देतो. चार दिवस उपटून उपटून हिले आता दोन्ही धानं अंधारातबी समजतीन."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी मचाणाला शिडी लावून दिली.

मी चढायला लागले, तेव्हा मावशीनं पदराखालून एक छोटं गाठोडं काढून दारात आलेल्या आईच्या हाती दिलं. त्यात पायलीभर कांडलेलं चिन्नोर होतं.

"हे खायले," मावशी म्हणाली, आणि मग शिडीकडे पाहून मोठ्यानं, "पाणी कमी टाकजो!"