मांडीवरचं मीटर

लग्न होऊन मी शहापूरला आले तेव्हा सासरचं घर माणसांनी इतकं भरलेलं होतं की नवऱ्याशी बोलायला आधी कोपरा शोधावा लागे. सासू-सासरे, दोन जावा, त्यांची मुलं. मोठ्यांसमोर नवरा-बायकोने एकमेकांशी बोलायचं नाही, हा कुणीच न सांगितलेला कायदा. मी तोंडाची फटकळ, माहेरी कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं. आणि इथे हे समोर आले की मी पदर सावरून ओट्याकडे वळायचे. माझा मलाच राग यायचा.

ह्यांचं हायवेला गॅरेज होतं. त्या हिवाळ्यात कल्याणच्या एका हौशी माणसाने आपली जुनी गाडी शर्यतीसाठी तयार करायला ह्यांच्याकडे दिली, आणि सोबत एक परदेशी मीटरही. त्याचा सेन्सर ह्यांनी सायलेन्सरच्या पाइपात, इंजिनजवळ बसवला आणि वायर आत घेतली. मीटरवर लाल आकडा उमटायचा: एक भाग पेट्रोलमागे इंजिनात किती भाग हवा जातेय. पाय पूर्ण दाबला की तो साडेबारा ते तेराच्या मधे हवा. वर गेला तर पेट्रोल कमी पडून पिस्टन जळणार, फार खाली आला तर इंजिन गुदमरणार. गाडी पळवताना आकड्याकडे बघणार कोण? रविवारी गॅरेज बंद, कामगार आपापल्या घरी.

"आई, हिला जरा नेतो," हे म्हणाले. "आकडं वाचाया."

"ने रे. शिकलेली हाय, वाचू दे," सासूबाई म्हणाल्या.

किन्हवलीवरून मुरबाडकडे जाणारा रस्ता दुपारी झोपलेला असायचा. दोन्ही बाजूंना कापणी झालेली भाताची खाचरं, पुढे साग, आणि कुठे कुणी भाताच्या रोपांच्या जागेवर राब भाजत असेल तर जळक्या पाल्याचा वास लांबवर आमच्याबरोबर यायचा. मीटर मांडीवर घेऊन मी वाचत असायचे. "चौदा... तेरा-सहा... तेरा-सहाच." हे नुसतं "हं" करायचे. आकडा चांगला आला तर म्हणायचे, "परत बघ." सागाच्या सावलीत थांबून कार्बोरेटर उघडायचे आणि हरभऱ्याएवढा पितळी जेट बदलायचे. पेट्रोल त्याच्याच भोकातून जातं. भोक मोठं तर पेट्रोल जास्त. काढलेला जेट माझ्या तळहातावर ठेवायचे. तो गरम असायचा, आणि त्यावर कोरलेला नंबर मी उगाच पुन्हा पुन्हा वाचायचे.

हळूहळू दोन आकड्यांच्या मधे बोलणं शिरलं.

"तेरा-नऊ. अहो, तुम्हाला कारलं खरंच आवडतं, की आईंना बरं वाटावं म्हणून खाता?"

"नाय आवडत. आकडा?"

मला इतकं हसू आलं की आकडा निसटून गेला आणि गाडी मागे वळवावी लागली.

मग एका रविवारी आकडा जागचा हलेना. बारा-आठ. बारा-आठ. गाडी अशी निघाली होती की आम्ही बसूनच आहोत आणि रस्ताच खालून सरकतोय असं वाटावं. "परत बघ," हे म्हणाले. बारा-आठच. काम झालं म्हणजे गाडी जाणार, आणि मग पुन्हा तोच ओटा, तोच पदर. "जमलं," असं हे म्हणाले खरे, पण आवाजात आनंद नव्हता.

त्याच आठवड्यात ह्यांचा शर्ट धुताना खिशातून टणकन काहीतरी फरशीवर पडलं. जेट. नंबर वाचला. या नंबरचा आमच्याकडे हा एकच होता, आणि बारा-आठ आणणारा तोच जेट गाडीत असायला हवा होता. साबणाच्या हातांनी मी तशीच उभी राहिले. खूप आनंद झाला मला, रडूच आलं. शर्ट वाळल्यावर जेट गुपचूप परत खिशात ठेवून दिला.

रविवारी हे सासूबाईंना सांगत होते, "परत बिघडली. आकडा चढतोय."

"पंधरा-दोन," गाडीत मी गंभीरपणे वाचलं. "हवा जास्त झाली वाटतं. कशाने हो?"

"जुनी गाडी गो. होतं असं."

त्या दिवशी ह्यांनी पाय जोरात दाबलाच नाही. बैलगाडीच्या चालीने आम्ही मुरबाडला गेलो, उसाचा रस प्यायलो, तसेच रमतगमत परतलो. नंतरचेही काही रविवार असेच गेले. अजूनही दुपारी डोळा लागताना मला तो रस्ता दिसतो, आणि त्यात मी कधीच घरी पोचत नाही.

शेवटी शर्यत जवळ आली आणि गाडीचा मालक स्वतःच येऊन ठाकला. ह्यांनी खरा जेट बसवून दिला. आकडा मालकाने आपला आपणच पाहिला. मला कुणी बोलावलं नाही. गाडी गेली, मीटरही गेलं.

पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर मी सगळ्यांत बसून तांदूळ निवडत होते. कान मात्र दाराकडे, आणि त्याबद्दल स्वतःवरच चिडलेली. हे दारात येऊन उभे राहिले, केस नीट विंचरलेले.

"चल गो. जाऊन येऊ."

सासूबाईंनी मान वर केली. "कुठं? गाडी तर गेली ना?"

हे कानापर्यंत लाल झाले. आता काहीतरी निमित्त काढतील म्हणून मी वाट बघत होते. मी तर एक तयारही ठेवलं होतं.

"गेली," हे म्हणाले. "काम काय नाय. आमी दोघं जातो, असंच."

मी सूप बाजूला ठेवलं आणि पदर न सावरताच उठले.

किन्हवली मागे पडली तशी ह्यांच्या स्कूटरवर मागून ह्यांच्या कानाशी वाकून मी म्हटलं, "बारा-आठ."

"परत बघ," हे म्हणाले.