अक्कांची झाडझूड

आमच्या केंद्राला कुलूप ठोकणाऱ्या बाईबद्दल मी कधी इतक्या कौतुकानं लिहीन, असं कुणी तेव्हा सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. दोंडाईच्यात स्टेशनमागच्या एका गल्लीत आमची खोली होती. नशेची इंजेक्शनं घेणारे तिथं वापरलेली सुई आणून द्यायचे, आम्ही कोरी द्यायचो. एकच सुई चौघांत फिरली की एड्स फिरतो, कावीळ फिरते; म्हणून हा उपद्व्याप. एका सकाळी सुमनअक्का पदर खोचून आल्या, मागे अख्खी गल्ली. "पोरेसले सुया वाटतस? लाज शे का काही?" मी समजवायला तोंड उघडेपर्यंत त्यांनी घरून आणलेलं कुलूप दाराला लावलंही होतं. माझा नुसता संताप झाला.

स्वच्छतेचं अक्कांना वेडच होतं. कुणाच्या ओट्यावर कचरा दिसला की सरळ घरात शिरून केरसुणी मागायच्या आणि झाडता झाडता घरच्या सुनेला चार शब्द सुनावायच्या. गल्लीतली सुईवाल्यांची खोली त्यांना त्याच कचऱ्यातली वाटली, तर नवल नाही.

उन्हाळा लागला. गल्लीच्या टोकाच्या मैदानात बायका खाटा टाकून ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, वाळत घालतात. खाण्याचं काम, म्हणून चपला लांब काढून ठेवतात. तिथंच अक्कांच्या टाचेत कुणीतरी फेकलेली नशेची सुई घुसली. गल्लीत कुणाला न सांगता त्या लंगडत थेट माझ्याकडे आल्या. भांडणाचं बघू नंतर म्हणत मी त्यांना एसटीनं धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. येताना त्या एसटीत माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "तुमनं केंद्र व्हतं तवय ह्या सुया कथा जायेत?"

"आमच्या डब्यात, अक्का."

एड्स होऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्या चालू असतानाच त्यांनी मैदानाच्या कडेला गल्लीची बैठक बोलावली. (पुढे त्यांच्या तपासण्या सगळ्या चांगल्या आल्या.) धान्याचे व्यापारी नाना आधीच तापलेले. "अक्का, ते केंद्र परत आलं तर या गल्लीत सोयरीक करायला कोण येईल?"

अक्का उठल्या. "ज्यासले केंद्र नको, त्यासनी चपला काढा आन हाई मैदान चाली दखाडा."

कुणी हललं नाही. "चाला ना, नाना! मी चालनू, आते तुम्ही चाला." नाना इरेला पेटून चपलेतून पाय काढणार, तोच त्यांच्या बायकोनं मागून त्यांचा सदरा घट्ट धरला. सगळी बैठक खो-खो हसली. नानाही हसले, आणि तिथंच आम्ही जिंकलो. जागेचा प्रश्न निघाला तेव्हा अक्का म्हणाल्या, "मनी पडवी शे ना."

त्या पडवीत अक्कांचंच राज्य. जुनी सुई न आणणाऱ्याच्या हातात त्या सांडशी द्यायच्या. "जाय, मैदानमा दख." तो परतला की कोरी सुई मिळायची आणि भाकरही. मी एकदा त्यांना दयाळू म्हटलं, तर फणकारल्या. "मी दया नही करस, झाडझूड करस." पण एखादा चार दिवस फिरकला नाही की त्याच्या घरी जाऊन दार वाजवायच्या. दोघांना तर त्यांनी ओरडून ओरडून व्यसन सोडायच्या उपचाराला धाडलं.

पुढच्या उन्हाळ्यात मैदान बिबड्यांनी पांढरं झालं. शेजारच्या वस्तीतली माणसं ते बघून गेली आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली. "ताई, आमच्याकडे फार सुया पडतात. तुमचं केंद्र आमच्याकडे हलवा." मी उत्तर देण्याआधीच पडवीत बसलेले नाना कडाडले, "हलवायचं नाव काढायचं नाही!" अक्का आतून पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या. "हाई आमनं शे. तुमनं तुम्हीन उघाडा."

ज्या केंद्रातून मला हाकललं होतं, त्यावर आता माझा काडीचा हक्क उरला नव्हता. इतका आनंद मला आयुष्यात क्वचितच झाला असेल.