बाहेरचा जिना

टाळेबंदी लांबतच चालली होती, तेव्हा एका सकाळी आमचा भाडेकरू अंगणात येऊन उभा राहिला. तोंडाला गमछा, हातात खोलीची किल्ली. तो गोंदियाकडचा, कुम्हारीच्या एका लहान कारखान्यात वेल्डर होता. भिलाई-३ मधल्या आमच्या मागच्या खोलीत नवरा-बायको राहायचे.

"काकू, कारखाना कधी उघडन ते मालकालेच माहीत नाई. भाडं देणं होत नाई. आमी गावाले जातो."

"कशानं जासान?" आईनं विचारलं. "गाड्या तं बंद हायेत."

"पैदल."

त्याची बायको दाराशी पिशवी घेऊन उभी होती. आई मनात हिशेब करू लागली. बाबा रेल्वेत होते. ते गेल्यावर पेन्शनवर घर चालायचं आणि कर्जाचा हप्ता या भाड्यातून जायचा. मी शिकवायचे त्या शाळेनं माझा पगार अर्धा केला होता. टीव्हीवर सांगत, भाडेकरूंना घराबाहेर काढू नका. आई टीव्हीलाच म्हणायची, "नाई काढत बाप्पा, पण बँकेले कोण समजवन?"

त्या दिवशी तिनं त्यालाही आडपडदा न ठेवता सांगितलं, "भाऊ, या उन्हात मी तुमाले पायी जाऊ देत नाई. पण फुकट ठेवाची बी माही ऐपत नाई. आता बसा, अन् काय करता येते ते सांगा."

तो ओट्यावर बसला. मग त्याची नजर मागच्या भिंतीशी टिनाखाली रचलेल्या लोखंडावर गेली.

"काकू, हे लोखंड कावून पडून हाय?"

ते बाबांनी आणलेलं. वरच्या खोलीची वाट आमच्या बैठकीतून, त्यामुळे ती कधी भाड्यानं देता आली नव्हती. बाहेरून जिना करायचं त्यांच्या मनात होतं. आईनं हे सांगेपर्यंत तो उठून अँगलवरचा गंज किल्लीनं खरवडत होता.

"आतून चांगलं हाय. जिना मी करतो. मजुरी भाड्यात लावा."

"अन् वरची खोली भाड्यानं जाईल!" मी ओरडलेच. त्याच्या बायकोनं पिशवी खाली ठेवली.

टाळेबंदीत थोडी सूट मिळताच तो मालकाकडून वेल्डिंग मशीन मागून त्याच्याच मोटरसायकलवर बांधून घेऊन आला. अंगणात खडूनं अख्खा जिना आखला. टेपचं टोक धरून मी इकडून तिकडे पळत होते. घरात कोंडून घेतल्यापासून पहिल्यांदाच उद्याची वाट पाहावीशी वाटत होती! शेजारी आपापल्या गच्चीवरून सल्ले देत. ठिणग्या उडायला लागल्या की आई आतून ओरडायची, "डोये सांभाळा!" आणि स्वतःच खिडकीतून डोकवायची.

सांगाडा उभा करायच्या दिवशी गल्लीतले चार जण गमछे बांधून आले. गच्चीवरून दोर सोडले. सांगाडा अर्धा वर गेला आणि एक दोर सटकला. सगळं लोखंड भिंतीवर खरखरत कललं.

"सोडू नोका!" म्हणत त्यानं खाली खांदा लावला. त्याच्या बायकोनं धावत जाऊन सुटलेलं टोक पकडलं, मीही पकडलं. तळहात भाजून निघाले. मग दण्णकन आवाज झाला आणि जिना जागेवर बसला. गच्च्यागच्च्यांवरून टाळ्या!

पायऱ्या लागल्या तशी आई पदर खोचून चढायलाच लागली.

"काकू, रेलिंग बाकी हाय!"

"असू दे!" वर पोचून ती लहान पोरीसारखी ओरडली, "मले टेशन दिसून राहिलं!"

लवकरच खोली बघायला एक नर्स आली. बिमारी घरात येईल या भीतीनं तिच्या घरमालकानं तिला खोली सोडायला सांगितलं होतं. आईनं लगेच हो म्हटलं नाही. आधी खालच्या दोघांना विचारलं, कारण अंगण त्यांचंही होतं. तो घुटमळला. बायको म्हणाली, "येऊ द्या. रस्ता वेगळा हाय. आपल्याले काकूनं काढलं असतं तं आपण कुठं गेलो असतो?"

नर्स स्कूटरवर एक सुटकेस बांधून आली. जिना चढताना थांबून म्हणाली, "नवा आहे का? रंगाचा वास येतोय."

"कालच सुकला," तो म्हणाला. मास्कमागे तो हसत होता हे डोळ्यांवरूनच कळत होतं.

बंद काळातलं भाडं मजुरीत फिटलं. कारखाना सुरू झाल्यावरही ते दोघं आमच्याकडेच राहिले. पुढे भाडं वाढवायची वेळ आली तेव्हा आई आणि तो समोरासमोर बसले. ती वाढवून सांगे, तो कमी करून. दोघांचा आवाज चढला, मग दोघंही हसायला लागले, आणि आकडा ठरला.