ओट्याचा दगड, डोंगराचा दगड

खारघरच्या आमच्या स्वयंपाकघरातला काळा ओटा ग्रॅनाइटचा नाही, हे भूशास्त्रात एम.एस्सी. झाल्यापासून मी आईला सांगत होते आणि ती दुकानदारावरच विश्वास ठेवत होती. खरा ग्रॅनाइट दाखवावा, तर आमच्या भोवतीचे सगळे डोंगर बेसाल्टचे. शेवटी कर्नाटकातला एक ग्रॅनाइटचा डोंगर निवडला. तो संरक्षित असल्यामुळे तिथला खडाही खाली आणण्याची परवानगी नव्हती. म्हणून मी आईलाच वर न्यायचे ठरवले.

वाटाड्यामागून आमचा गट उघडा कातळ चढत होता. सोबतच्यांना मी हा वाद वाटेतच सांगून टाकला होता, त्यामुळे माथ्यावर मी आईच्या हाती भिंग दिले तेव्हा सगळेच तिच्याकडे पाहू लागले. ती ओणवी झाली. गुलाबी, पांढरे, काचेसारखे स्फटिक एकमेकांत घट्ट रुतलेले होते.

“पटलं गं बाई,” ती म्हणाली. “पण बरं झालं, आपला ओटा याचा नाही. यावर पीठ सांडलं तर दिसायचंसुद्धा नाही.”

मग भिंगासाठी रांग लागली आणि नेमके कुठे पाहायचे, हे आईच सगळ्यांना दाखवू लागली.