नात मागून येतेय

ये बाय, अशी जवळ बस. तो मोबाइल जरा पालथा ठेव आणि मान वर करून ऐक, कारण आधी मी तुला रागावणार आहे. तू समोर नाहीस, समोरची खुर्ची रिकामीच आहे, ते मला दिसतंय. पण कागदावर तरी तुला बसवते. तिथून उठून जाता येत नाही.

तुमचं आचोळं ते माझी आगाशी. मध्ये कुठला समुद्र आहे सांग. रिक्षाने स्टेशन, पूल ओलांडून पश्चिमेला, तिथून बस. जास्तीत जास्त तास. माणसं रोज तुझ्यासारखी अंधेरीला जातात आणि परत येतात, त्यांना लांब वाटत नाही. आजीचं घर तेवढं लांब.

गणपतीत आली होतीस, दीड दिवस, त्यातला अर्धा झोपेत. निघताना तू चपला घालत होतीस तेव्हा मी म्हटलं, पुढच्या रविवारी ये. तू म्हणालीस, "आजी, इथे येऊन करायचं काय? बघायला काय आहे?" हसून म्हणालीस, मनात काही नव्हतं तुझ्या. तुझ्या बापाने रिक्षा थांबवून ठेवली होती, तू गेलीस. मी मात्र ओटीवर बसून तेच घोळत राहिले. खरंच, बघायला काय आहे?

आता गंमत बघ. रविवारी सकाळपासून आपल्या वाडीवरून मुंबईच्या गाड्या जातात. काच खाली करून विचारतात, मावशी, बीच कुठे, किल्ला कुठे, बोट कुठून मिळते. आणि मी हात दाखवून सांगते, सरळ जा, मग उजवीकडे. इतकी वर्षं सांगतेय. पण मी स्वतः कुठे गेले होते? लग्न होऊन आले ती या वाडीत. केळी, पानवेल, मोगरा, भाजी. बाहेर पडायचं ते बाजाराला, देवळात, कुणाच्या लग्नाला नाहीतर मयताला. लोक लांबून जे बघायला येतात ते मी पाहिलेलंच नव्हतं, तर तुला काय दाखवणार?

म्हणून ठरवलं, आधी आपण जाऊन यायचं. तालीम करायची. कुठे किती चढ, सावली कुठे, प्यायचं पाणी कुठे, आणि हसू नकोस, संडास कुठे. एका वहीत लिहून ठेवायचं. मग तू आलीस की मी पुढे, तू मागे, आणि म्हणायचं, चल, तुला आमचा मुलूख दाखवते.

पहिल्यांदा गेले सोपाऱ्याला. गास गावावरून बस जाते, दोन्ही बाजूंना भातशेती आणि मध्येच उंच इमारती. तिथे विटांचा जुना स्तूप आहे. आमच्या सासूबाई त्याला बुरुड राजाचा कोट म्हणायच्या. फार शांत जागा आहे गं. झाडाखाली बाक आहेत. मी आपली एका बाकावर डबा उघडून सुकेळी खात बसले. आपल्याच राजेळी केळ्यांची, उन्हात सुकवलेली, तुला लहानपणी आवडायची ती. तिथला रखवालदार आला. मला वाटलं खाऊ नका म्हणेल. तर विचारतो, "आजी, एकट्याच?"

हे विचारण्यात वाईट काही नाही. पण मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. नटूनथटून, नवं लुगडं नेसून, डबा घेऊन ही म्हातारी एकटीच फिरायला आलीय, असं त्याच्या डोळ्यांत दिसलं की मीच पाहिलं, कोण जाणे. माझ्या तोंडून निघून गेलं, "नात मागून येतेय." तो बरं म्हणाला, एक सुकेळं घेतलं आणि गेला. मी उरलेला डबा झटपट आवरला आणि तो परत फिरायच्या आत निघाले.

दुसऱ्या वेळेला वसईचा किल्ला. काय ती पडकी देवळं, म्हणजे चर्च, छप्पर नाही, भिंती आभाळाला लागलेल्या, कमानींतून वडाची मुळं उतरलेली. आणि जिकडे पाहावं तिकडे नवरानवरी. अजून लग्न व्हायचंय आणि फोटो आधीच. एका मुलीचा झगा इतका लांब की तो उचलायला दोन बायका ठेवलेल्या. मी बघत उभी राहिले तर फोटोवाला म्हणाला, आजी जरा बाजूला व्हा, तुम्ही फोटोत येताय. मी बाजूला झाले तर तिथे दुसरा. तोही तेच. शेवटी एकाने विचारलं, तुमच्यासोबत कोण आहे? मी म्हटलं, नात आहे, ती तिकडे बुरुजावर फोटो काढतेय, फार हौस तिला. म्हणजे बघ, सोपाऱ्याला तू नुसती मागून येत होतीस, वसईला तर तुला हौसही लागली.

खोटं बोलण्याची मला सवय नाही. पण हे खोटं असं तोंडात बसलं, की बसमध्ये शेजारच्या बाईलाही मी तुझ्याबद्दल सांगितलं. आता पुढच्या स्टॉपवर चढेल म्हणून.

मग राहिला अर्नाळ्याचा किल्ला. तो पाण्यात, बेटावर. किनाऱ्यावरून होडीने जायचं, अगदी थोडं अंतर. पण होडीत चढायला पाण्यात उतरावं लागतं, घोट्यापासून कधी मांडीपर्यंत, आणि कुणीतरी हात द्यावा लागतो. एका बाईने माझी पिशवी आधी आत घेतली, मग मला ओढून घेतलं. बेटावर राहणारी ती. बाजार करून परत निघाली होती, पायांशी कांद्याबटाट्याची पोती. होडीवाल्याने सगळ्यांकडे नजर टाकली आणि मला विचारलं, आजी, कोण आहे सोबत?

आणि मी म्हटलं, "नात मागून येतेय."

तो बिचारा थांबला ना गं. मला वाटलं होतं, इतरांसारखा ऐकेल आणि सोडून देईल. तर त्याने दोरी हातातच धरून ठेवली. होडीत पंधरावीस माणसं, ऊन डोक्यावर, ओहोटी लागलेली. सगळी माना वळवून किनाऱ्याकडे बघायला लागली. लाल ड्रेसची एक मुलगी वाळूतून चालत येत होती. कुणीतरी म्हणालं, ती का? ती भेळवाल्याकडे वळली. मग दुसरी कुणी. मीही बघत होते, काय सांगू तुला. मला माहीत होतं, तू त्या वेळी आचोळ्याला पांघरूण डोक्यावरून घेऊन पडली असशील. तरी मी त्या किनाऱ्यावर तुला शोधत होते.

होडीवाला म्हणाला, "आजी, फोन लावा ना तिला. पानी उतरतंय, होडी वाळूत टेकंल." मागून एकजण पुटपुटला, ही आजकालची पोरं. तुला बोल लागला तेव्हा मला राहवेना. माझ्या खोट्यापायी तू का ऐकून घ्यावंस?

"कोणी येत नाहीये," मी म्हटलं. "मी एकटीच आहे. सोडा होडी."

त्याने दोरी सोडली, इंजिन सुरू झालं. मी पाण्याकडे तोंड करून बसले. ती पोत्यांवाली बाई जराशी सरकली आणि माझ्या मांडीला मांडी लावून बसली, एवढंच.

बेटावर उतरल्यावर मात्र तिने मला सोडलं नाही. आधी कालिकामातेच्या पाया पडायला नेलं, मग किल्ल्यात. आत चक्क शेती आहे, वांगी लावलीत लोकांनी. ती माझ्या पुढे, मी मागे. म्हणजे मी तुला जसं फिरवणार होते तसं तिने मला फिरवलं. बुरुजावर बसलो. मग तिने नातीचं विचारलं आणि मी सगळं सांगितलं, तालीम, वही, सगळं. वही काढून दाखवली. तिला वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवली. सावली, पाणी, संडास. ती इतकी हसली की डोळे पुसायला लागली. मग म्हणाली, "आये, समदं लिवलंस. नातीला काय आवडतं ते कुटं हाय?"

सुकेळी आवडायची, पण ती तू सात वर्षांची असताना. आता काय आवडतं? ऑफिसात काय करतेस, डबा कोण भरतं, कुणाशी बोलतेस, हसतेस कशाला, मला काहीच ठाऊक नाही. खाली जाळी वाळत घातली होती, त्यांचा वास येत होता.

"रविवारची काय करते ती?" तिने विचारलं.

"झोपते."

"मंग झोपू दे. तुज्याकडं येऊन झोपू दे. किल्ला काय पलून नाय जात."

परत येताना तिने मला होडीत बसवून दिलं आणि होडीवाल्याला बजावलं, म्हातारीला नीट उतरव. त्यानंतर ती मला आगाशीच्या बाजारात दोनदा भेटली. दोन्ही वेळा पहिला प्रश्न तोच, आली का नात? आता मी खोटं बोलत नाही. नाही म्हणते. ती मान हलवते आणि भाव करायला लागते.

तर बाय, रागावून झालं. आता ऐक. मी तुला कुठेही नेणार नाही. उठवणारही नाही. ओटीच्या खोलीत नवा पंखा बसवून घेतलाय, खिडकीला जाड पडदा लावलाय, ऊन तोंडावर येत नाही. दुपारी बारापर्यंत झोप, एकपर्यंत झोप. मी दार ओढून घेईन आणि बाहेर भाजी निवडत बसेन. मधून मधून आत डोकावून बघेन, तेवढं मात्र चालवून घे. उठलीस की चहा देईन आणि मग तू बोल, ऑफिसचं, मैत्रिणींचं, वाटेल ते. नाही बोललीस तरी चालेल.

शनिवारी कामावरून थेट विरारला उतर, आचोळ्याला जाऊच नकोस, विरारहून आगाशीची बस बाहेरच उभी असते. या शनिवारी जमलं तर बघ. लवकर ये.